धंद्यात शब्द कोणाचा चालतो?

आमच्या वरठीत सकाळची गर्दी पाहण्यासारखी असते. भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन आमच्याच गावात आहे. कोणी गाडी धरायला पळतो. कोणी डबा घेऊन पोलाद कारखान्याच्या फाटकाकडे निघतो. कोणी दुधाची कॅन सायकलला अडकवतो. कोणी दुकान उघडून उदबत्ती लावतो. जो तो आपापल्या कामाला लागतो.

रात्री आमचा वाचनवर्ग भरतो. एकदा वर्गात एक तरुण म्हणाला, "गुरुजी, मी कंपनीत जातो. पन कंपनी म्हंजे कोन जी? फोरमन म्हंजे कंपनी, का मॅनेजर म्हंजे कंपनी?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या बचत गटात अध्यक्षबाई म्हनते तेच होते. मंग आमी सभेला काहून जातो?"

हा प्रश्न पहिल्या प्रश्नाचा सख्खा भाऊच. धंदा लहान असो की मोठा, त्यात शब्द कोणाचा चालतो? ठरवतो कोण? आणि ठरवलेले चुकले तर भरतो कोण? आज आपण हेच समजून घेऊ.

१. एकट्याचे दुकान

स्टेशनसमोर एकाची चहाची टपरी आहे असे धरा. दूध किती घ्यायचे, चहा कितीला विकायचा, उधारी कोणाला द्यायची, सगळे तोच ठरवतो. कोणाला विचारावे लागत नाही. निर्णय झटपट होतो. नफा सगळा त्याचा.

पण तोटाही सगळा त्याचा. टपरीसाठी कर्ज काढले आणि टपरी बुडाली, तर सावकार टपरीवर थांबत नाही. घरची भांडी, शेताचा तुकडा, यांवरही त्याची नजर जाते. तो आजारी पडला तर चूल बंद. अधिकार एका डोक्यात असला की ओझेही एकाच डोक्यावर असते.

२. दोघातिघांची भागीदारी

समजा, तिघे मित्र मिळून धान भरडण्याची गिरणी काढतात. ही झाली भागीदारी. तिच्यासाठी १९३२ सालचा कायदा आहे. आपसांत वेगळा करार नसेल, तर हा कायदा काय सांगतो ते पाहा.

रोजच्या साध्या कामात बहुमत चालते. भरडाईचा दर काय ठेवायचा? तिघांपैकी दोघे म्हणतील ते खरे. पण ठरवण्याआधी तिसऱ्याला आपले मत सांगू दिले पाहिजे. मात्र गिरणी बंद करून तिथे खताचे दुकान काढायचे असेल, तर दोघांचे म्हणणे पुरत नाही. धंद्याचे स्वरूपच बदलायचे असेल तर तिघांचीही संमती लागते.

या नियमात मोठा शहाणपणा आहे. लहान गोष्टीसाठी सगळ्यांचे हो लागले, तर काम अडते. मोठी गोष्ट थोड्यांनी ठरवली, तर बाकीचे फसतात. गोष्ट केवढी आहे ते आधी पाहावे. कोणाकोणाला विचारायचे ते त्यावर ठरते.

भागीदारीत एक धोका आहे. एका भागीदाराने गिरणीच्या नावावर कर्ज केले, तर सावकार ते सगळेच्या सगळे दुसऱ्याकडूनही मागू शकतो. म्हणून भागीदारीचा करार कागदावर असावा. मैत्री तोंडी चालते. पैसा लेखी चालतो.

३. कंपनी म्हणजे कोण?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ.

मोठा कारखाना उभारायला फार पैसा लागतो. दोघातिघांच्या खिशात तो नसतो. म्हणून भांडवलाचे लहान लहान वाटे करतात. एका वाट्याला शेअर म्हणतात. ज्याने शेअर घेतला तो भागधारक. आपल्या वरठीचा पोलाद कारखाना सनफ्लॅग कंपनीचा आहे. ही कंपनी १९८४ साली नोंदली गेली. तिचे शेअर शेअरबाजारात विकले आणि घेतले जातात. म्हणजे तिचे भागधारक दूरदूरच्या गावांतही असू शकतात.

कंपनी बुडाली, तर भागधारकाचे शेअरमध्ये घातलेले पैसे जातात. पण कंपनीच्या कर्जासाठी त्याच्या घरावर जप्ती येत नाही. कायद्याने कंपनी हे एक वेगळे नावच धरले आहे. तिच्या नावावर जमीन असते, कर्ज असते, कोर्टात दावाही असतो. म्हणून फोरमन म्हणजे कंपनी नव्हे, आणि मॅनेजर म्हणजेही कंपनी नव्हे. ते दोघेही कंपनीची माणसे.

मग ठरवतो कोण? कंपनीची पायरी अशी असते.

सगळ्यात वर भागधारकांची सभा. ती वर्षातून एकदा भरलीच पाहिजे. इथे मते माणसांप्रमाणे मोजत नाहीत, शेअरप्रमाणे मोजतात. ज्याचे शेअर जास्त, त्याचा शब्द जड. ही सभा संचालक निवडते. ज्या कंपनीचे शेअर बाजारात आहेत, तिला निदान तीन संचालक लागतातच. सगळे संचालक मिळून संचालक मंडळ होते. मोठ्या गोष्टी मंडळ ठरवते. नवी भट्टी घालायची का? कर्ज किती काढायचे? मंडळाने ठरवलेले काम पार पाडायला व्यवस्थापकीय संचालक असतो. त्याच्या खाली खात्याखात्याचे प्रमुख. कच्चा माल आणण्याचे खाते, उत्पादनाचे खाते, यंत्रदुरुस्तीचे खाते, हिशेबाचे खाते, विक्रीचे खाते. त्यांच्या खाली पाळीचा सुपरवायझर किंवा फोरमन. आणि मग कामगार.

तुम्ही म्हणाल, इतक्या पायऱ्या कशाला?

भट्टीत पोलादाचा रस तयार झाला. आता काय करायचे हे विचारायला संचालकांची सभा बोलावता येईल का? रस थंड होऊन जाईल. तिथे पाळीवरच्या जाणत्या माणसानेच ठरवले पाहिजे. उलट, कोट्यवधी रुपयांची नवी भट्टी घालायची की नाही, हे पाळीवरच्या माणसाने ठरवून चालेल का? त्याला बाजारभाव ठाऊक नाही, बँकेचे कर्ज ठाऊक नाही. ज्याला जे दिसते, ते त्याने ठरवावे. आणि ज्याने ठरवले, त्याने त्याचे उत्तर द्यावे. पायऱ्या त्यासाठी असतात.

मात्र पायरीवरून हुकूम खाली येतो तशी खबर वर गेली पाहिजे. यंत्राचा आवाज बदलला, हे सगळ्यांत आधी यंत्राजवळच्या कामगाराला कळते. तो भीतीने गप्प बसला, तर वरच्याला कळणार कसे? धोका दिसला की सांगणे हे शेवटच्या पायरीवरच्या माणसाचेही काम आहे. ऐकून घेणे हे वरच्याचे काम आहे.

आणखी एक गोष्ट. कारखान्यात काम करणारे सगळेच कंपनीचे नोकर नसतात. काही जण ठेकेदाराचे असतात. त्यांनी आपला ठेकेदार कोण, हजेरी कोण मांडतो, मजुरी कोण देतो, हे नीट माहीत करून घ्यावे. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, असे कायदा सांगतो. पण हजेरीचा कागद हाती असेल, तरच हा आधार उपयोगी पडतो.

४. नागपूरची एम्प्रेस मिल

आपल्या मुलखातले एक जुने उदाहरण सांगतो. जमशेटजी टाटा यांनी नागपूरला कापडाची गिरणी काढली. कंपनी १८७४ साली उभी राहिली. भांडवल पंधरा लाख रुपये. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. तिचे नाव एम्प्रेस मिल. ही गिरणी आज नाही. पण तिची शिकवण अजून उपयोगाची आहे.

जमशेटजींचे बिऱ्हाड मुंबईला. गिरणी नागपूरला. रोजचा कारभार मुंबईहून कसा चालणार? त्यांनी बेझनजी मेहता यांना व्यवस्थापक नेमले. बेझनजी आधी रेल्वेत मालवाहतुकीचे काम पाहत. सूतकताईचे त्यांना काही ठाऊक नव्हते. पण माणसे आणि कामे नीट लावण्याची हातोटी होती. यंत्रांसाठी ब्रूक्सबी नावाचा जाणकार विलायतेतून आणला. म्हणजे पाहा. भांडवल आणि धोरण जमशेटजींकडे, कारभार बेझनजींकडे, यंत्रे ब्रूक्सबीकडे. तिघांची कामे वेगळी होती. कोण कशाचे उत्तर देणार, हे ठरलेले होते.

सुरुवातीला जमशेटजींची एक चूक झाली. यंत्रे स्वस्तातली घेतली. सूत हलके निघू लागले. त्यांनी चूक झाकली नाही. जुनी यंत्रे काढून चांगली बसवली. पुढे नव्या तऱ्हेच्या चात्या निघाल्या. तेव्हा त्यांनी एकदम सगळी गिरणी बदलली नाही. आधी थोड्या यंत्रांवर करून पाहिले. चांगले निघाले, मग वाढवले. मोठा निर्णय घेण्याआधी लहान परीक्षा घ्यावी, हे इथून शिकावे.

गिरणीत कामगार फार गैरहजर राहत. नुसता दंड करून भागले नसते. त्यांनी बक्षिसे ठेवली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड सुरू केला. माणूस कामावर का टिकत नाही, याचा विचार वरच्याने केला, तर खालचा माणूस टिकतो.

५. एक माणूस, एक मत

आता सहकारी संस्था पाहू. ही आपल्या जास्त जवळची.

कंपनीत शेअरप्रमाणे मते. सहकारी संस्थेत माणसाप्रमाणे मत. एकाचे शंभर शेअर असोत, दुसऱ्याचा एकच असो, दोघांनाही मत एकच. श्रीमंताचा हात गरिबाच्या हातापेक्षा उंच मोजत नाहीत.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांनी शहाण्याला सोबत घेतले. शहाणा शेतकऱ्यांच्या सभेला उत्तर देऊ लागला. हेच सहकाराचे बळ.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाच्या मासेमारी संस्था आहेत. गावोगाव दुधाच्या संस्था आहेत. या सगळ्यांना महाराष्ट्राचा १९६० सालचा सहकारी संस्थांचा कायदा लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा.

पहिली. संस्थेत सगळ्यात मोठा अधिकार सर्वसाधारण सभेचा, म्हणजे सगळ्या सभासदांचा. रोजचा कारभार निवडलेली समिती पाहते. अध्यक्ष आणि सचिव सभेच्या वर नाहीत.

दुसरी. वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. तिथे हिशेब ठेवावा लागतो.

तिसरी. सभासदाला संस्थेच्या कचेरीत बसून तपासलेला ताळेबंद पाहता येतो. सभेचे आणि समितीचे इतिवृत्त पाहता येते. स्वतःच्या खात्याच्या नोंदी पाहता येतात. यासाठी पैसा लागत नाही. नक्कल हवी असेल तर ठरलेली फी भरावी.

हा हक्क कागदावर आहे. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला कागद पाहून काय कळणार? यावर माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगतो.

६. तीन कोऱ्या ओळी

चाळीस वर्षे झाली. मी पंचविशीचा होतो. एका खेड्यात शाळेवर होतो. गावाचे नाव सांगत नाही. गावात मोठा तलाव होता. मासेमारांची सहकारी संस्था होती. सभासद चाळीसएक. बहुतेक जण अंगठा लावणारे.

वार्षिक सभेला त्यांनी मला बोलावले. म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. तुमीच लिहून द्या." मी मानाने जाऊन बसलो. हिशेब मंजूर, मासोळीचे बी आणणे, जाळ्यांची खरेदी, असे तीन ठराव लिहिले. तेव्हा सचिव हळूच म्हणाले, "गुरुजी, खाली तीन ओळी सोडा. आकडा मागाहून भरतो." मी सोडल्या. त्याखाली सह्या आणि अंगठे घेतले. सभा संपली.

उन्हाळा लागला. तलावाचे पाणी उतरले. मासोळी काढायचे दिवस आले. एका सकाळी बाहेरच्या व्यापाऱ्याची माणसे जाळी घेऊन तलावावर उतरली. सभासद धावले. व्यापाऱ्याने कागद दाखवला. यंदाची सगळी मासोळी त्याला थोड्या रकमेत दिल्याचा ठराव होता. तो त्या तीन ओळींत बसवला होता. खाली सगळ्यांचे अंगठे होते.

त्या वर्षी ते लोक आपल्याच तलावावर मजूर झाले.

एक म्हातारे सभासद शाळेत आले. वही पुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, अक्षर तं तुमचं हाय."

मी म्हणालो, "शेवटच्या तीन ओळी माझ्या नाहीत."

ते म्हणाले, "पन जागा तं तुमीच सोडली."

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

सहकार खात्याकडे अर्ज गेला. चौकशी होईपर्यंत हंगाम निघून गेला होता. पुढच्या सभेत लोकांनी सचिव बदलला. आणि नियम केला. इतिवृत्त आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, मग सही. कोरी जागा उरली तर तिच्यावर आडवी रेघ मारायची. दोन तरुण सभासद रात्री माझ्याकडे शिकायला येऊ लागले. दुसऱ्या वर्षीचे इतिवृत्त त्यांच्यातल्या एकाने लिहिले. अक्षर वेडेवाकडे होते. पण एकही ओळ कोरी नव्हती.

मंडळी, सभासद आपला अधिकार समितीला देतात. तो उसना दिलेला असतो. दुकानदार उसनवारी वहीत मांडतो. वर्षाच्या शेवटी तिचा हिशेब करतो. अधिकाराचेही तसेच करावे. दिला किती, कशासाठी दिला, परत केव्हा विचारायचे, हे वहीत असावे.

७. चार प्रश्न

धंदा कोणताही असो. टपरी असो, कारखाना असो, दूध संस्था असो की बचत गट असो. हे चार प्रश्न विचारा.

ठरवतो कोण?
करतो कोण?
तपासतो कोण?
लिहिले कोठे आहे?

ठरवणारा, करणारा आणि तपासणारा एकच माणूस असला, तर सावध व्हा. तो माणूस वाईट असेल असे नाही. पण चांगल्या माणसाचीही चूक होते. दुसऱ्याचे डोळे नसले, तर ती चूक तशीच राहते. पैसे एकाने घ्यावे, वही दुसऱ्याने लिहावी, तपासणी तिसऱ्याने करावी. यात कोणाचा अपमान नाही. प्रामाणिक माणसाला तर याचा आधारच होतो. उद्या आळ आला, तर वही त्याच्या बाजूने बोलते.

बचत गटाच्या त्या बाईंना मी हेच सांगितले. "बाई, अध्यक्षबाई म्हणते तेच होते, कारण बाकीच्या बोलत नाहीत. या महिन्याच्या सभेत एकच करा. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा, असे म्हणा."

पुढच्या महिन्यात त्या आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी म्हटलं. अध्यक्षबाई म्हने, चष्मा घरी राह्यला. मंग म्या वाचलं."

"सगळे वाचता आले?"

"एक शब्द अडला जी. 'अनुमोदक'. बाकी आलं. एकीचं कर्ज दोनदा लिवलं होतं. तिथंच सुधारलं."

अध्यक्षबाई रागावल्या का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नाही जी. त्याच म्हने, दर महिन्याले तूच वाचत जा."

शब्दांचे अर्थ

भागधारक – ज्याने कंपनीचा शेअर घेतला तो
ठराव – सभेने ठरवलेली गोष्ट
सूचक – ठराव मांडणारा
अनुमोदक – ठरावाला दुजोरा देणारा
गणपूर्ती – सभा चालवायला हवी तितकी माणसे. याला कोरमही म्हणतात
इतिवृत्त – सभेत काय झाले त्याची लेखी नोंद
ताळेबंद – देणे आणि असणे यांचा वर्षअखेरचा तक्ता

उत्तरे लिहा

१. भागीदारीत कोणत्या गोष्टीला सगळ्यांची संमती लागते?
२. कंपनीतले मत आणि सहकारी संस्थेतले मत यांत फरक काय?
३. कोरी जागा सोडून सही का करू नये?

करून पाहा

तुम्ही ज्या संस्थेचे किंवा गटाचे सभासद आहात, तिचे नाव वहीत लिहा. त्याखाली वरचे चार प्रश्न लिहा. प्रत्येकासमोर उत्तर लिहा. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तो येत्या सभेत उभे राहून विचारा.